दोन चपलांचा नंबर

गुणवंतराव जन्मात कधी लायनीत उभे राहिले नव्हते. कुठल्याही कचेरीत ते थेट खिडकीशी जात, आतल्या माणसाला त्याचं गाव विचारत, त्या गावातला आपला एखादा सोयरा उकरून काढत आणि चहा पिऊन, काम उरकून परत येत. तोवर लायनीतली माणसं एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत असत. चिमूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात याला 'भाऊंची ओळख' म्हणायचे. सेवा सोसायटीचे ते अध्यक्ष होते त्याला जमाना लोटला, पण पांढरी टोपी आणि ओळख या दोन गोष्टी त्यांनी अजून खाली ठेवल्या नव्हत्या.

ओळखीतून न होणारी कामं त्यांच्या बायकोकडे, रुखमाबाईकडे होती. म्हणजे राशन, गॅसची टाकी, सरकारी दवाखान्यातली चिठ्ठी, उन्हाळ्यातलं पाणी, पेरणीच्या दिवसांतली युरियाची गोणी. घर चालतं ते ओळखीवर, असं गुणवंतराव पाव्हण्यांना सांगत, आणि पाव्हणे राशनच्या तांदळाचा भात कालवत मान डोलवत.

आता लायनीत नंबर लावायचा म्हणजे दिवसभर तंगडतोड करत उभं राहायचं नसतं, हे शहरातल्या माणसाला कोणी शिकवलेलं नाही. या भागात नंबर माणूस लावत नाही, त्याची चप्पल लावते. सकाळी येऊन चप्पल लायनीत ठेवायची आणि आपण कडुलिंबाखाली बसायचं. लाईन सरकली की जो जवळ असेल तो पायानं सगळ्याच चपला पुढं सारतो. एक चप्पल म्हणजे एक माणूस. जोडी ठेवली तर दोन नंबर धरतात, म्हणून दुसरी चप्पल कोणी पिशवीत घालतं, कोणी न आलेल्या शेजारणीच्या नावानं लावतं. निवडणुकीत माणसं फुटतात, पण लायनीतली चप्पल फुटल्याचं कधी ऐकिवात नाही.

तर अशा या घरातली चार माणसं जानेवारीतल्या एका रविवारी 'वनराज वंडरलँड' नावाच्या नव्या उद्यानाच्या दारात उतरली. मुलगा प्रफुल्ल वीज कंपनीत होता आणि जो शेवटी बोलेल त्याचं त्याला पटत असे. त्यानं गाडी घेतली होती. गाडी घेतल्यावर कुठंतरी जावं लागतं, म्हणून सुनेनं, करिश्मानं, हे ठिकाण शोधलं होतं. करिश्मा चंद्रपूरची. तिला सगळं आधीच माहीत असे आणि बऱ्याचदा ते खरंही निघे, त्यामुळे सासऱ्याला ती फारशी आवडत नसे.

दारावर दोन मजली सिमेंटचा वाघ होता. थोड्या थोड्या वेळानं तो डरकाळी फोडे आणि त्याच्या तोंडातून धूर निघे. त्याच्यासमोर फोटोसाठी झुंबड उडाली होती. या झुंबडीतल्या निम्म्या लोकांच्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खरा वाघ येऊन बसत असे, आणि तो दिसला की हीच माणसं वनखात्याच्या नावानं शंख करत. पण त्या वाघाला तिकीट नव्हतं, त्यामुळे त्याला किंमतही नव्हती.

आत शिरताच एक भलामोठा फलक होता. 'वाघपट्टा बांधा, लायनीत थांबू नका.' मनगटावर बांधायचा केशरी, काळ्या रेघांचा एक कागद. तो बांधला की प्रत्येक खेळाला वेगळ्या दारानं थेट पुढं जाता येत होतं. फलकाखालून जाणाऱ्यांत अशीही माणसं होती ज्यांनी जमिनीच्या पट्ट्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. इथं पट्टा ताबडतोब मिळत होता, हे वाचून ती जरा थबकत आणि मग दर वाचून पुढं जात.

"आपण घेऊनच टाकू मामाजी," करिश्मा सासऱ्याला म्हणाली. "नाई तर सगळा दिवस लायनीतच जाते. मी वाचून आली आहे."

"हो, घेऊन टाकू," प्रफुल्ल म्हणाला.

"काऊन?" गुणवंतरावांनी टोपी सारखी केली. "पैसे देऊन पुढं जाते तो माणूस कोण? ज्याले कोणी ओळखत नाई तो. उद्या कोणीबी उठन अन् पट्टा बांधून माह्यापुढं जाईन. मंग मी इतके वर्स काय केलं?"

"हेबी बरोबर हाय," प्रफुल्ल म्हणाला.

गुणवंतरावांचं दुःख खोटं नव्हतं. लायनीच्या पुढं जाण्याचा मान त्यांनी आयुष्यभर नमस्कार घालून, लग्नं-मौती सांभाळून, साहेबांच्या मुलांना हुरडा खाऊ घालून मिळवला होता. तोच मान इथं एक पोरगी च्युइंगम चघळत कोणालाही विकत होती. पट्टा घेणं म्हणजे आपली ओळख चालत नाही अशी कबुली देणं, आणि ती द्यायला ते मुळीच तयार नव्हते.

"तुले काय वाटते, प्रफुल्लची माय?" त्यांनी विचारलं.

"मले पाळण्यात बसाचं हाय," रुखमाबाई म्हणाली. "तुमच्यासंगं."

हे उत्तर आहे असं कोणालाच वाटलं नाही. पट्टा घ्यायचा की नाही, असा प्रश्न होता.

उद्यानाच्या मागच्या टोकाला आकाशपाळणा होता आणि झाडांच्या वर त्याची माथ्याची दोन-तीन डोली, म्हणजे बसायच्या पेट्या, दिसत होती. रुखमाबाईची नजर गाडीतून उतरल्यापासून तिथंच होती. लग्नानंतरच्या पहिल्या माघात गुणवंतरावांनी तिला चिमूरच्या घोडायात्रेत नेलं होतं. तिथं लाकडी पाळणा होता. ती लायनीत उभी राहिली, नंबर आला, पाळणेवाल्यानं डोलं थांबवलं, आणि तेवढ्यात गुणवंतरावांना बँकेच्या संचालकांची जीप दिसली. "आलोच," म्हणून ते गेले. एकट्या नव्या नवरीला पाळणेवाला बसवेना, मागचे ओरडायला लागले, आणि ती बाजूला झाली. जीपमधल्या नमस्कारातून पुढं सोसायटी मिळाली, हे खरं. पण रुखमाबाई पाळण्यात बसली नाही ती बसलीच नाही. नंतर दर यात्रेला काही ना काही निघालं आणि दर वेळी ते "आलोच" म्हणून गेले. आज सूर्य बुडायच्या आत तिला त्या पाळण्यात नवऱ्याशेजारी बसायचं होतं. सूर्य बुडायच्या आत, कारण उद्यान जंगलाला लागून होतं आणि झाडांच्या वर दिवे लावायला परवानगी नव्हती. अंधारलं की पाळणा बंद.

"मी उभी राहू काय लायनीत?" तिनं विचारून पाहिलं.

"अजिबात नाई," गुणवंतराव म्हणाले. "सून पाहून राह्यली. आपल्या घरची बाई अशी लायनीत? थांब, मी ओळख काढतो. आलोच."

रुखमाबाईनं नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता. उभं राहायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती उभी राहिली नाही. ती चालत पाळण्यापाशी गेली, लायनीच्या शेपटाशी वाकली आणि पायातली डावी चप्पल ठेवली. तिच्या मागं उजवी ठेवली. डावी तिची, उजवी त्यांची. मग अनवाणी मागं वळली.

मागं वळताच तिला दिसलं की लायनीत तिच्याच चपला तेवढ्या नाहीत. पुढं आणखी चपला होत्या, एक पाण्याची बाटली होती, आणि एक दगडाखाली दाबलेला रुमाल होता. पलीकडं सिमेंटच्या वडाच्या सावलीत बायांचा घोळका बसला होता. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांतला बचतगट सहलीला आला होता. एक बाई लांब काठी घेऊन लायनीच्या कठड्याला टेकली होती आणि लाईन सरकली की धानावर राखण करावी तशा निगुतीनं चपला पुढं ढकलत होती. तिचं नाव मनकर्णा.

"दोन मानसं काय बाई?" मनकर्णानं विचारलं.

"दोन. मी अन् मालक."

"जा मंग. सारतो आमी."

शहरातून आलेली मंडळी मात्र लायनीत स्वतः उभी होती, घामेजून, मोबाइल उंच धरून रेंज शोधत. नागपूरचा एक पहारेकरी चपलांपाशी थबकला. "ये किसका है?" त्यानं विचारलं. "मानसाची हाय," मनकर्णा म्हणाली. पहारेकऱ्यानं बराच विचार केला. लायनीत खाऊ नये, थुंकू नये, धक्काबुक्की करू नये असे नियम त्याला पाठ होते. चपला यातलं काहीच करत नव्हत्या. तो पुढं निघून गेला.

इकडं गुणवंतरावांची ओळखशोध मोहीम सुरू झाली होती, आणि साक्षीदार म्हणून रुखमाबाईला बरोबर हिंडावं लागलं. गावच्या लटारूचा पुतण्या लच्छू इथं कामाला लागल्याचं त्यांना आठवलं. लच्छू सापडला, पण अस्वलात. काळ्या केसांचा जाडजूड पोशाख चढवून तो मुलांशी हात मिळवत होता.

"लच्छू, साहेबाले जाऊन सांग, गुणवंतभाऊ आले म्हणून," गुणवंतराव अस्वलाच्या कानाशी म्हणाले.

"भाऊ, साहेब नागपूरले बसते," अस्वलाच्या पोटातून आवाज आला. "मी त्याले पाह्यलाच नाई."

"मंग तुले कामावर ठेवलं कोणं?"

"ठेकेदारानं."

"ठेकेदार कोणत्या गावचा?"

"मालूम नाई भाऊ. तो मोबाइलवरच बोलते."

"अरे, मंग तुही इथी काय ओळख हाय?"

"मलेच जेवाले लाईन लावा लागते भाऊ," अस्वल म्हणालं आणि एका रडणाऱ्या पोराकडं वळलं.

ज्या कारभारात कोणाचंच गाव सापडत नाही असा कारभार गुणवंतराव पहिल्यांदाच बघत होते. तरी ते हरले नाहीत. त्यांनी तिकिटाच्या पोरीला गाव विचारलं, ती म्हणाली, "सर, बाजूला व्हा." बोटवाल्याला विचारलं, तो छत्तीसगढचा निघाला. सिरोंच्याकडचा एक सफाईवाला भेटला, पण तो तेलुगूत बोलला, आणि गुणवंतरावांचे सिरोंच्यात सोयरे नव्हते.

दुपारी चौघं डबा घेऊन बसली. बाहेरचं खाणं आत आणायला मनाई होती, म्हणून लाखोळीच्या डाळीचे वडे करिश्माच्या पर्समधून निघाले. जेवताना पट्ट्यावर पुन्हा सभा भरली. करिश्मा म्हणाली, अजून अर्धा दिवस आहे, अजूनही परवडतं. गुणवंतराव म्हणाले, अर्धा दिवस गेला, आता पट्टा घेणं म्हणजे अर्ध्याचे पुरे पैसे देणं. प्रफुल्लला दोन्ही पटलं. सकाळी कोणत्याही लायनीत उभे राहिले असते तर आत्तापर्यंत निम्मे खेळ झाले असते, हे करिश्मा बोलली नाही, पण वडा ज्या जोरानं तिनं मोडला त्यावरून ते सगळ्यांना समजलं.

"पट्ट्याचं ठरेपर्यंत आमी पाण्याच्या घसरगुंडीले उभे राहतो," ती म्हणाली, आणि प्रफुल्लला घेऊन गेली.

रुखमाबाई मधूनमधून पाळण्याकडं चक्कर मारून येत होती. फरशी दुपारी चांगलीच तापली, तेव्हा ती गवताच्या कडेकडेनं चालली. सकाळपासून ती अनवाणी होती आणि हे घरातल्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिचे पाय बघायचं काम घरात कोणाला कधी पडलं नव्हतं. तिच्या चपला मात्र रुबाबात पुढं चालल्या होत्या. दोन पट्टेवाले आत सोडले की पहारेकरी दोन साधे सोडत होता, आणि मनकर्णाची काठी आपलं काम करत होती. चपला अर्ध्यावर आल्या. मग वळणावर आल्या.

वळणावर आल्या त्याच सुमारास हेमराज भेटला. हा हेमराज सोसायटीत शिपाई होता. गुणवंतराव अध्यक्ष असताना त्याला हाक मारून पाणी मागवत आणि लायनीतल्या लोकांना तोच दटावत असे. आता त्याच्या मुलाच्या मोहर्लीला पर्यटकांना वाघ दाखवायच्या जिप्सी चालत होत्या. हेमराज, बायको, सून, सगळ्यांच्या मनगटावर केशरी पट्टे होते.

"नमस्कार भाऊ," तो मनापासून वाकला. "तुमी अजून असेच फिरून राह्यले? पट्टा नाई घेतला?"

"पाहून राह्यलो," गुणवंतराव म्हणाले.

"घ्या ना भाऊ. काई ओळख लागत नाई त्याले. कोणालेबी देतात."

हेमराजच्या मनात काही वाईट नव्हतं, आणि म्हणूनच ते वर्मी लागलं. तो बाजूच्या दारानं सरळ आत गेला आणि गुणवंतराव त्या दाराकडं बघत राहिले. रुखमाबाईला त्यांची दया आली. तिला वाटलं, आता म्हणावं, चला, चपला वळणावर आल्या आहेत, तिथं जाऊन बसू. पण तेवढ्यात त्यांचं ठरलं होतं.

"पट्टा घ्याचा," ते म्हणाले. "मी आणतो. तू थांब इथी. मी गेलो की काम होते. आलोच."

सकाळपासून पट्टा घ्यावा की न घ्यावा अशा विचारात असलेल्या सगळ्या उद्यानाचं त्याच घटकेला ठरलं असावं. पट्ट्याच्या एकुलत्या खिडकीसमोर उद्यानातली सगळ्यांत लांब लाईन होती. मोबाइलवर पट्टा मिळतो म्हणे, पण जंगलाच्या कडेला मोबाइलला रेंज नव्हती. गुणवंतराव नेहमीसारखे थेट खिडकीशी गेले. आतली पोरगी म्हणाली, "सर, लाईन." त्यांनी गाव विचारलं. लायनीतला एक जण ओरडला, "ओ टोपीवाले, मागं या." त्यांना टोपीवाले म्हणणारा माणूस तालुक्यात जन्मला नव्हता. ते मागं गेले, अगदी शेवटी, आणि उभे राहिले.

रुखमाबाईनं हे लांबून पाहिलं आणि तिला हसू आलं, मग हसल्याचं वाईट वाटलं. भार कोणत्या पायावर घ्यावा हे त्यांना कळत नव्हतं. हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. कोणी बघत तर नाही ना म्हणून ते इकडंतिकडं पाहत होते. पण हळूहळू ते रुळले. थोड्या वेळानं एक पोरगा मध्ये घुसायला लागला, तर त्याला दंड धरून बाहेर काढणाऱ्यांत गुणवंतराव पुढं होते.

ऊन कलंडलं. सागाच्या शेंड्यांवर तांबूस उजेड आला तेव्हा मनकर्णाची हाक आली. "बाई, आल्या तुमच्या चपला."

रुखमाबाई अनवाणी धावत पट्ट्याच्या खिडकीशी गेली. "अवो, चला. आपला नंबर आला."

"कशाचा नंबर?"

"पाळण्याचा. अखेरचा फेरा हाय म्हणते तो."

गुणवंतरावांची नजर खाली गेली. आज पहिल्यांदाच ती तिच्या पायांवर पडली. पाय धुळीनं पांढरे झाले होते. "तुही चप्पल कुठी हाय?"

"लायनीत."

"अन् दुसरी?"

"ते तुमच्या नंबरले लावली."

गुणवंतरावांनी तिच्याकडं पाहिलं, पाळण्याकडं पाहिलं, मग खिडकीकडं पाहिलं. त्यांच्यापुढं दोनच माणसं उरली होती. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते रुखमाबाईला पुरेपूर ओळखीचं होतं. राशनच्या दुकानात, पुढं दोनच बाया असताना, घरी पाव्हणे आल्याचा निरोप आला की तिचा स्वतःचा चेहरा असाच होत असे.

"दोनच तर राह्यले," ते जवळजवळ विनवणीनं म्हणाले. "इतका वेळ उभा राह्यलो. आता नंबर सोडून येऊ काय? तू हो पुढं. आलोच."

तिला राग आला. मोठा, जुना, घोडायात्रेपासूनचा राग. पण त्याला लागूनच आणखी एक गोष्ट तिला कळली, आणि ती जास्त लागली. नंबर सोडू नये हे या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा समजलं होतं, आणि ते नेमकं आज समजलं होतं. ती वळली.

पाळण्याच्या दाराशी तिच्या दोन चपला सगळ्यांत पुढं होत्या. मनकर्णा आणि तिच्या बाया जोडीजोडीनं आधीच चढल्या होत्या. "दुसरा कोण?" पाळणेवाल्यानं विचारलं. "एका डोल्यात दोन माणसं लागतात."

"येऊन राह्यले," रुखमाबाई म्हणाली.

पाळणेवाल्यानं मावळतीकडं पाहिलं. अखेरचा फेरा म्हटल्यावर मागं आता कोणी उरलं नव्हतं, त्यामुळं ओरडायलाही कोणी नव्हतं. रुखमाबाईनं डावी चप्पल पायात घातली. उजवी हातात घेतली, डोल्यात जाऊन बसली आणि उजवी आपल्या शेजारी, रिकाम्या जागेवर ठेवली.

"हे काय?" पाळणेवाला म्हणाला.

"ज्याचा नंबर होता त्याची चप्पल," ती म्हणाली. त्यानं पुढचा दांडा लावून टाकला.

पाळणा वर निघाला तसं तिच्या पोटात कसंसंच झालं, आणि ते तिला फार आवडलं. झाडांचे शेंडे खाली गेले. खरं जंगल दिसलं, पार डोंगरापर्यंत, पानं झडलेलं, तांबडं. तळं दिसलं. दारावरचा सिमेंटचा वाघ पाठीमागून दिसला. तो आतून पोकळ होता, त्यात पाण्याचे नळ होते आणि एक कुत्रं पाय पसरून झोपलं होतं. लग्नानंतरच्या त्या माघात लाकडी पाळण्यातून चिमूर कसं दिसलं असतं, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरले. चप्पल खाली पडू नये म्हणून तिनं ती हातात धरली.

माथ्यावर डोलं क्षणभर थांबलं. खाली पट्ट्याच्या खिडकीशी पांढरी टोपी दिसली. टोपी वळली. गुणवंतरावांनी दोन्ही हात उंच केले, आणि दोन्ही हातांत एकेक केशरी पट्टा फडफडत होता. ते धावत निघाले, पाळण्याच्या त्या बाजूच्या खास दाराकडं, आणि तिथं पहारेकरी साखळी लावत होता. तरी ते खाली उभे राहून पट्टे हलवत राहिले, मिळाले, मिळाले, असं सांगत.

रुखमाबाईनंही हात वर केला. हातात चप्पल होती हे तिच्या लक्षात होतं. खालच्या लोकांना वाटलं, वरून ती बाई कोणाला तरी चप्पल दाखवून राह्यली. त्यांचा फारसा गैरसमज झाला नव्हता.